हिरव्या दोऱ्याची बाटली

आमच्या डॉक्टरांकडे रक्त मागणं म्हणजे कंजूष सासूकडे तुपाची धार मागणं. भांडं समोर दिसतंय, पण हात काही पुढे येत नाही.

"आज नाही दिलं तर काय होईल, सिस्टर?" ते विचारायचे. मी सांगायची. "उद्या दिलं तर?" तेही सांगायची. "आणि दिलंच नाही तर?" या तिसऱ्या प्रश्नाला मी जरा अडखळले, की संपलं. "मग पाणी द्या, गूळ द्या, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवा. रक्त राहू द्या." बहुतेक वेळा पेशंट पाण्यावर आणि विटांवरच उठून बसायचा. त्यांचा राग यायचा तो याच गोष्टीचा. माणूस वाकडा असावा, पण मग निदान चुकावा तरी!

लढाईचे दिवस होते. वाशीमच्या बाजूचं एक तालुक्याचं गाव. नाव घेऊन काय करायचं आहे? दवाखाना म्हणजे दोन वॉर्ड, एक टेबल आणि लांब पडवी. माणसं म्हणाल तर डॉक्टर, एक कंपाऊंडर, झाडलोट करणारी गंगूबाई आणि मी. माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वारला होता आणि मी नर्सिंग शिकून पोटाला लागले होते. रक्त साठवून ठेवतात हे आम्ही ऐकलंही नव्हतं. एकाच्या दंडातून बाटलीत काढायचं, ते गोठू नये म्हणून बाटलीत आधी औषध घालायचं आणि तासाभरात दुसऱ्याच्या दंडात सोडायचं, एवढीच विद्या. लढाईमुळे रबरी नळी मिळेनाशी झाली होती. आमच्याकडे एकच होती. डॉक्टर ती स्वतः धुवायचे, स्वतः उकळायचे आणि खिडकीत वाळत घालून समोर खुर्ची टाकून बसायचे. कावळा जवळ आला तर त्याला म्हणायचे, "कृपा करून लांब बसा." ते कोकणाकडचे. आमच्या गावात कावळ्यालाही 'कृपा करून' म्हणणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

रक्ताचे तेव्हा चार नंबर धरायचे. चार नंबरचं रक्त कुणालाही चालतं. माझं चार नंबर. गंगूबाईचंही चार नंबर. डॉक्टरांचं एक नंबर, म्हणजे त्यांना कुणाचंही चालावं आणि त्यांचं जवळपास कुणालाच चालू नये. लोक म्हणायचे, साहेबाचं रक्त एक नंबर असणारच! ते ऐकून डॉक्टर कसनुसं हसायचे. "जन्मभर दुसऱ्याकडे मागत फिरायचं, आणि स्वतःचं देतो म्हटलं तर घेणारा नाही," ते मला एकदा म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याजवळ सल्ले हायत नं, ते द्या." माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

दोऱ्यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाटल्यांची अदलाबदल हे डॉक्टरांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. चुकीचं रक्त गेलं तर माणूस डोळ्यादेखत जातो. म्हणून रक्त देणाऱ्याच्या मनगटाला एक दोरा, बाटलीच्या गळ्याला त्याच रंगाचा दोरा, आणि घेणाऱ्याच्या मनगटालाही तोच. दोन बाटल्या असल्या तर दोन रंग. हे दोरे बाजारातल्या रंगाऱ्याच्या दुकानातून यायचे. रंगाऱ्याचा मुलगा रशीद ते रंगवून, सुकवून, लडी करून आणून द्यायचा. कोपरापर्यंत निळे हात. लाजाळू इतका, की माझ्याशी बोलतानाही पडवीच्या खांबाशी बोलायचा. डॉक्टर दोरे मोजून घ्यायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचे, "माझ्या हातून बाटली बदलली, तर त्या दिवशी मी स्टेथोस्कोप विहिरीत टाकीन."

एकदा बाजूच्या गावचे एक देशमुख छकड्यातून आले. तब्येत अशी, की छकडा एका बाजूला कललेला.

"डॉक्टरसाहेब, लई थकवा येऊन राह्यला. एक बाटली रक्त चढवून द्या. मानूस सोबत आनला हाय." सोबतचा माणूस म्हणजे त्यांचा सालदार. काडी झालेला, छकड्यामागून चालत आलेला.

डॉक्टरांनी देशमुखांची जीभ पाहिली, नखं पाहिली, पापणी ओढून पाहिली. मग सालदाराची जीभ, नखं, पापणी पाहिली. "यांना रक्त हवंय," ते सालदाराकडे बोट दाखवून म्हणाले, "आपण द्याल का?" देशमुख जे छकड्यात बसले ते तडक परत गेले. सालदाराला डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि अंबाडीची भाजी सांगितली. पुढचे कितीतरी दिवस मी ते आठवून एकटीच हसत होते.

रक्त कुणाला दिलं, का दिलं, कुणाचं दिलं, पुढे काय झालं, असं सगळं ते एका वहीत लिहायचे. त्या वहीत खोटं एक अक्षर नव्हतं. पेशंट त्यांच्या चुकीने गेला असेल तर तसंही लिहिलेलं असायचं. रविवारी बाहेरचे पेशंट आटोपले, की मी बँडेजच्या घड्या घालायची आणि ते वही वाचून दाखवायचे.

"सिस्टर, रक्त लागतं कुणाला? बायकांना. बाळंतपण, मूल पडणं, अंगावरून जाणं. आणि देतं कोण? पुन्हा बायकाच. पुरुषाला लागलं तर आई, बायको, बहीण बाह्या सावरून उभ्या. सुनेला लागलं, की घरातल्या पुरुषांना बैल बांधायचे आठवतात."

"वही कायले लिहायले लागते त्याच्यासाठी?" मी म्हणायची. "मले विचारलं असतं तं मी फुकट सांगितलं असतं."

पण ते खरंच होतं. एक सून अशीच पांढरीफटक होऊन आली होती. सासरा पडवीतूनच म्हणाला, "पोट्ट्याचं रक्त नका काढू साहेब, त्याले कमजोरी येईन. पेरनी तोंडावर हाय." सुनेला ते ऐकू जात होतं. त्या दिवशी गंगूबाईने दंड पुढे केला. सून वाचली. मग डॉक्टरांनी आपला नेहमीचा सोहळा केला. घेणाऱ्याच्या माणसांनी देणाऱ्याला सगळ्या वॉर्डासमोर स्वतःच्या हाताने गुळाचा खडा द्यायचा, आणि डॉक्टरांनी खड्या आवाजात जाहीर करायचं, "यांचं रक्त यांना दिलं. आयुष्यभर लक्षात ठेवा." गंगूबाईच्या सावलीपासूनही लांब राहणारा तो सासरा, त्याला दोन्ही हातांनी तिच्या हातावर गूळ ठेवावा लागला. डॉक्टर त्या दिवशी दिवसभर शीळ घालत होते.

मला तो सोहळा कधीच आवडला नाही. मी सांगितलंही, "नावं सांगत नका जाऊ. घेणाऱ्याले जड जाते."

"उपकार लपवायचे नसतात," ते म्हणाले.

"उपकार करनाऱ्याले तसंच वाटते."

त्यांनी माझ्याकडे कावळ्याकडे बघावं तसं पाहिलं.

आता हमीदाचं. रंगाऱ्याच्या मोहल्ल्यातलीच मुलगी, अठराची असेल. आईबाप लहानपणीच गेलेले. दादीने, म्हणजे बापाच्या आईने वाढवलेली. रशीदशी तिची मंगनी झाली होती. एके दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता उठली, पाय घसरला आणि दंड विळीच्या पात्यावर पडला. घरच्यांनी हळद भरली, चिंध्या बांधल्या, छकडा जुंपला. दवाखान्यात येईस्तोवर पोरीच्या ओठांचा रंग गेलेला. डॉक्टरांनी शीर बांधली. मग माझ्याकडे वळून त्यांनी तीन प्रश्न विचारले नाहीत. "बाटली," एवढंच म्हणाले.

मी त्याच सकाळी एक बाटली दिलेली होती. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा एक म्हातारा, बैलाने मांडी फाडलेली, त्याच्यासाठी. लाल दोऱ्याची ती बाटली टेबलावरच होती, अजून त्याला चढवायची होती. गंगूबाई गावाला गेलेली. डॉक्टर पडवीत आले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं, "हिच्यासाठी रक्त कोण देतंय?" विचारताना त्यांचं तोंड आधीच कडू झालेलं होतं. कारण चुलते, मामा, शेजारी सगळे जमलेले होते आणि सगळे जमिनीकडे बघत होते.

रशीद पुढे आला. कुणी ढकललं नाही, कुणी हाक मारली नाही. निळा हात लांब केला आणि खांबाकडे बघत म्हणाला, "माझं पाहा."

काचेवर थेंब टाकून पाहिलं. चार नंबर. हिरवा दोरा निघाला, त्यानेच रंगवलेला. दुपारपर्यंत हमीदाच्या ओठावर रंग आला. डॉक्टर तर आनंदाने वेडेच झाले. एवढ्या वर्षांत बाईसाठी आपल्या पायाने चालत आलेला हा पहिला पुरुष! त्यांना वही आणि सोहळा दोन्ही एकदम आठवले. दुसऱ्या दिवशी हमीदा उशाला टेकून बसली तेव्हा त्यांनी रशीदला वॉर्डात बोलावलं, दादीच्या हातात गूळ दिला आणि भाषणच केलं. "बेटी, तुझ्या अंगात आज जे वाहतंय ते याचं आहे. हे जन्मभर विसरू नकोस." सगळा वॉर्ड वाहवा करत होता. रशीद कानापर्यंत लाल झाला होता. दादीने गूळ दिला, पण तिचं तोंड मी पाहिलं. मला ते काही बरोबर वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादीने सांगून टाकलं, मंगनी मोडली.

"एका बाईचं दूध पिलं तं आमच्यात दोघं दूधशरीक होतात, डॉक्टरसाब. भाऊ-बहीण. त्याहिचा निकाह होत नाही. दुधानं होते, तं रक्तानं काहून नाही होनार?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, ते रक्त तीन-चार महिन्यांत मरून जातं, नवं बनतं."

"दूध तं एका दिवसात जिरते. नातं जिरते काय?"

डॉक्टरांनी सगळी पुस्तकं आठवून पाहिली. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. हमीदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने दोन दिवस धड काही खाल्लं नाही. रशीद पडवीत बसून होता. दुकानात गेला नाही, हाताचा निळा रंग फिका पडायला लागला. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, हिला वाचवलं कशाला मी?" मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

मग ते डोक्यावर टोपी चढवून मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे गेले. वही घेऊन गेले. तासाभराने परत आले ते उड्या मारतच. दुधाचं नातं लागतं ते दुधावरच्या वयात प्यायलं तर, मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं. अठरा वर्षांच्या पोरीला असलं काही लागू नाही आणि रक्ताचा तर प्रश्नच नाही. डॉक्टरांनी हे सगळं दादीला जसंच्या तसं सांगितलं.

दादीने ऐकून घेतलं. "मालूम हाय मले," ती म्हणाली. "अर्ध्या मोहल्ल्याले दूध पाजलं मी. मले नाही मालूम?" आणि पदर सावरून उठली. "पर मंगनी मोडली ते मोडली."

डॉक्टरांनी वही मिटली. मी दादीच्या मागे नळावर गेले. "दादी, आता खरं काय ते सांग."

तिने हातपाय धुतले, चूळ भरली, घाई केली नाही. मग म्हणाली, "बाई, तू विधवा हायस, तुले सांगते. माझ्या सासूनं मले एकडाव तापातून उठवलं होतं. चाळीस साल मी ते ऐकलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी ऐकलं. हे पोट्टं चांगलं हाय, मले मालूम हाय. पर मर्द हाय. आज नाही म्हननार, पाच सालानं म्हनन: माझ्या रक्तावर जगून राह्यली तू. मंग ही मान वर कशी करन? जिचा श्वासबी नवऱ्याचा उधार, तिनं घरात तोंड कसं उघडावं? तुमच्या डॉक्टरसाबनं तं साऱ्या गावात दवंडीच पिटली."

मी जाऊन डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. चवीचवीने सांगितलं, खोटं कशाला बोलू. मी इतके दिवस तेच म्हणत होते. पण ते ऐकताना त्यांचा चेहरा असा उतरत गेला, की शेवटी मलाच वाईट वाटलं. ते वही चाळत बसले. "म्हणजे ती सून," ते म्हणाले. "तिला त्या घरात नंतर काय काय ऐकावं लागलं असेल."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "एक रस्ता हाय. त्या दिवशी दोन बाटल्या होत्या. माझी लाल, रशीदची हिरवी. दोघंही चार नंबरचे. बाटल्या बदलल्या म्हणून सांगा. हमीदाले माझं गेलं, म्हाताऱ्याले रशीदचं."

"बाटल्या बदलल्या? माझ्या हातून?"

"हाव."

"सिस्टर, मला चोर म्हणा, दारूडा म्हणा. हे नका म्हणू."

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. मग एकदम म्हणाले, "बाही वर करा. आत्ता तुमची एक बाटली तिला देऊ. म्हणजे तुमचं रक्त तिच्या अंगात आहे हे खरं होईल. खोटं बोलावं लागणार नाही." मी बाही वर केली. नळी उकळली, सुई उकळली. लोकरीच्या दोऱ्यात अडकलेल्या मांजरासारखे ते खोलीत फिरत होते. सुई हातात घेतल्यावर थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आज नाही दिलं तर काय होईल? काही नाही. उद्या? काही नाही. दिलंच नाही तर?" बराच वेळ उभे होते. मग सुई परत ताटलीत ठेवली.

"लागत नसताना रक्त देणार नाही," ते म्हणाले. "माझं खरेपण राखायला तिच्या अंगात सुई कशाला? बाही खाली घ्या."

रशीदला आत बोलावलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "बाबा, तुझं रक्त मी एकदा काढून घेतलं. आता दुसऱ्यांदा काढून घ्यायला आलोय." आणि सगळं समजावून सांगितलं.

रशीद मनगटावरच्या हिरव्या दोऱ्याकडे बघत होता. त्याने तो अजून काढलेला नव्हता. "मंग माझं काय उरते, डॉक्टरसाब?"

"हमीदा."

रशीद पहिल्यांदाच खांबाऐवजी माणसाकडे बघून बोलला. "मंग सांगून टाका." दाताने दोरा तोडून त्याने खिशात टाकला.

डॉक्टर वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले. तोच खडा आवाज. "त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. दोरे बांधताना बाटल्या बदलल्या. हमीदाला सिस्टरांचं रक्त गेलं. दोघांचा नंबर सारखाच होता म्हणून निभावलं. चूक माझी." कंपाऊंडरच्या हातातलं काचेचं माप खळकन फुटलं. तांड्यावरचा म्हातारा खाटेवरून म्हणाला, "कोनाचंबी असो साहेब, बैलानं सांडवलं ते तं माझंच होतं."

दादी रशीदकडे वळली. "काहून रे, तुह्यं नव्हतं?"

"मले काय मालूम, दादी," रशीद म्हणाला. "मी तं डोये लावून पडलो होतो."

दादीने त्याच्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांकडे मात्र फार वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मंग ही बाई आमच्या पोरीची खाला झाली, मावशी." आणि हमीदाच्या हातून मला गूळ देववला. जन्मात एवढा कडू गूळ मी खाल्ला नाही.

डॉक्टरांनी त्याच दुपारी वहीत लिहिलं: हिरवी बाटली, सिस्टरांची, अदलाबदल, चूक माझी. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. त्या वहीतलं ते एकच खोटं.

कंपाऊंडरने गोष्ट गावभर केली. गावाने मात्र तिचा भलताच अर्थ काढला: साहेबाची चूकही गुणकारी असते. पण साहेबांच्या वरच्या साहेबांना तसं वाटलं नाही. वरून एक कागद आला, मग दुसरा आणि तिसऱ्याला बदलीच. मी म्हटलं, "खरं काय ते लिहून कळवा." ते म्हणाले, "मग दादीला कळेल." एवढंच. तेवढ्या दिवसांत त्यांनी कुणाचं नाव जाहीर केलं नाही. देणारा पडद्याआड बसून एकटाच गूळ खायचा आणि घरी जायचा. गूळ तोच, फक्त डॉक्टरांची शीळ बंद झाली होती.

जाताना ते मला रबरी नळी देऊन गेले, स्वतःच्या मुलीची पाठवणी करावी तसे. सहा महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. त्यात माझी चौकशी नव्हती. 'नळीला भेगा पडल्या नाहीत ना?' एवढंच होतं. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. शोधायला हवं होतं मी त्यांना. नाही शोधलं.

हमीदाचं लग्न झालं. दरवर्षी ईदला रशीद माझ्याकडे शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो. मी म्हातारी झाले, त्याची दाढी पांढरी झाली, हमीदाला नातवंडं झाली, दादीला जाऊन तर जमाना झाला. गेल्या ईदला मी त्याला विचारलंच, "रशीद, खरं सांग. इतक्या सालात कधी तोंडातून निघालं नाही?"

त्याने डब्याचं झाकण उगीच सारखं केलं. "एकडाव आलं होतं, खाला. लग्नाले दहा-बारा सालं झाली असतीन. भांडन कायचं होतं, आता यादबी नाही. ती म्हने, तू माह्यासाठी आजवर केलं काय? इथपर्यंत आलं होतं." त्याने गळ्याला बोट लावलं.

"मंग?"

"मंग काय. डॉक्टरसाब वॉर्डात उभे दिसले. चपला घातल्या अन् दुकानात जाऊन बसलो. सांजपर्यंत निळीत कापडं बुडवत राह्यलो."

म्हणजे दादीने ते आधीच ओळखलं होतं. मी डबा उघडला, वाटी भरली आणि त्याच्यापुढे सरकवली. "आज इथं कोनी नाही. हा तुह्या हक्काचा हाय, रशीद. खाय."

त्याने वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"नाही खाला," तो म्हणाला. "बाटल्या बदलल्या होत्या नं."